सहा रविवारची साक्ष

माझा भाऊ गेला त्या दुपारी मी तांदळाच्या तीन भाकऱ्या खाल्ल्या होत्या. सोबत सुक्या जवळ्याचं कालवण आणि वर वाटीभर कोकमाची कढी. हे आधीच सांगून टाकते, कारण या प्रकरणात चौदा वर्षांची एक फार धार्मिक मुलगी येणार आहे आणि तिच्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको. तिचं पोट भरलेलं होतं, वेण्या घट्ट होत्या, शब्बाथशाळेत पाठांतराचं बक्षीस तिला लागोपाठ तीन वर्षं मिळालं होतं आणि आपल्यासारखं दुसरं कुणी नाही अशी तिची खात्री होती. नाव सुवार्ता. ठेवणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण पेणेच्या आमच्या आळीत एवढं लांब नाव घ्यायला कुणाला वेळ नव्हता, म्हणून मी सगळ्यांची सुवी.

घर म्हणजे दोन खोल्या, मागे परसू, पुढे ओटी. भिंतीला भिंत लावून गणपतीचा कारखाना, त्यामुळे आमच्याकडे बारा महिने माती आणि रंग यांचा वास असायचा, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरी भुकटी बसायची. पलीकडे मातीची चाळणी, खर्र खर्र. अलीकडे बाबांची पेटी. बाबा शाळामास्तर. आमच्या मंडळीला उपासनेसाठी वेगळी इमारत नव्हती. रविवारी सकाळी आमच्या ओटीवर सतरंजी पडायची आणि सात कुटुंबं येऊन बसायची. पाळकसाहेब सकाळी आमच्याकडे असत आणि दुपारी रोह्याच्या मंडळीकडे जात, एसटीने, मांडीवर काळी पिशवी घेऊन. आमचं गाणं सुरू झालं की पलीकडचे कारागीर चाळणी थांबवत. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गणपती जवळ आले की मात्र त्यांना थांबून चालायचं नाही, तेव्हा कारखान्याचे मालक शनिवारीच दारात येऊन सांगत, "मास्तर, उद्या जरा आवाज होईल हां." बाबा म्हणत, "होऊ दे हो, तुमचंही देवाचंच काम आहे." हे उत्तर पाळकसाहेबांच्या कानावर कधी गेलं नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, आणि त्याची भाकर माझी आई करायची. ते तिचं काम होतं, लग्न होऊन पेणेला आली तेव्हापासूनचं. शनिवारी संध्याकाळी ती तवा राखेने घासून घ्यायची, वेगळ्या काढलेल्या गव्हाच्या पिठात मीठ नाही, खमीर नाही, नुसतं कोमट पाणी घालून मळायची आणि मंद आचेवर एकच जाड भाकर भाजायची. डाग पडू द्यायची नाही. द्राक्षरस पेणेत कुठला मिळायला? काळ्या मनुका भिजत घालायच्या, सकाळी कुस्करून फडक्यातून गाळायच्या. आम्हां मुलांना चोथा मिळायचा. ती भाकर पाळकसाहेबांनी मोडली की मधोमध सरळ तुटायची आणि आई डोळे मिटून तो आवाज ऐकायची. आई कमी बोलायची, पेटीच्या मागे मागे गायची, पण त्या एका आवाजासाठी ती महिनाभर थांबते असं मला वाटे.

बाबांचे विषय दोन: विश्वास आणि धीर. रात्रीच्या जेवणाआधी शास्त्रपाठ व्हायचा, मी मोठ्याने वाचायचं आणि बाबांनी समजावायचं. विश्वास कळावा म्हणून फोडणीच्या डब्यातला मोहरीचा दाणा ते बोटाच्या टोकावर घेऊन दाखवत. धीर कळावा म्हणून ती विधवा, जी अन्यायी न्यायाधीशाच्या दारात रोज जाते आणि शेवटी तो कंटाळून न्याय देतो. बाबा तिची इतकी हुबेहूब नक्कल करत की ती कचेरीच्या पायऱ्या झिजवणारी पेणेतलीच कुणी बाई आहे असं वाटावं. आणि ईयोब. गुरं गेली, घर गेलं, दहा मुलं गेली, अंगभर गळवं उठली, तरी त्याने देवाला शिव्या दिल्या नाहीत. मी हे सगळं पोपटासारखं पाठ म्हणे. माझा दादा, शमुवेल, मात्र भिंतीला टेकून विचारायचा, "बाबा, दहा पोरं ईयोबाच्या बायकोचीपण गेली ना? तिला कुणी विचारलं का, बाई गो, तुझं कसं काय चाललंय?" बाबा म्हणत, "पुढचा अध्याय." आई चुलीपाशी हसायची. दादाची जेवणाआधीची प्रार्थनाच मुळात "प्रभू, थँक्यू, आमेन" एवढी होती. मी माझी मुद्दाम लांबवायची, आजारी, अनाथ, प्रवासी असं सगळ्यांना एकेक करून आठवायची, आणि मासे थंड व्हायचे.

दादा वीस वर्षांचा होता. रोह्याला कंपनीत लागला होता, शिफ्टमध्ये, आणि तिथेच जनाकाकी म्हणून एका बाईंकडे खोली घेऊन राहायचा. शनिवारी घरी यायचा. एका आठवड्यात शनिवारऐवजी तो मंगळवारीच आला, एसटीतून उतरला आणि ओटीवर बसला, आणि आईने त्याचे डोळे बघितले. पिवळे. पुढचे तीन आठवडे मी नीट सांगू शकत नाही. दवाखाना, मोठा दवाखाना, सलाइन, मग घरी. कुणी म्हणे कावीळ उतरली, कुणी म्हणे उलटली. मंडळी रोज येऊन प्रार्थना करून जाई. शेजारणी कसलीशी माळ घेऊन आल्या. बाबांनी हात जोडून परत पाठवली. दादा खाटेवर पडून असायचा. मधूनमधून बोलायचा, बरेचदा नाही.

त्या दुपारी बाबा शाळेत होते. आई उसाचा रस आणायला स्टँडकडे गेली. जाताना मला म्हणाली, "सुवे, इथून हलू नको. त्याच्याकडे बघत राहा." मी हलले नाही. तेवढं खरं. खाटेशी बसले, थंडीचे दिवस, दारातून ऊन येत होतं, पोटात तीन भाकऱ्या, पलीकडे चाळणीचा एकसारखा आवाज. मी जागी झाले ती बाबांच्या हाताने. ते माझ्या खांद्याला धरून उभे होते, शाळेतून धावत आलेले, धोतराला धूळ. आई दारात होती. दादाचे डोळे अर्धे उघडे होते आणि तो तिथे नव्हता.

बाबांनी विचारलं, "काही बोलला का गो? शेवटी काही बोलला?"

मी म्हटलं, "म्हणाला, प्रभू आलाय न्यायला."

विचार करून बोलले नाही. विचार करायला जागाच नव्हती. बाबांनी विचारलं आणि पाठांतराचं बक्षीस मिळवणाऱ्या मुलीने उत्तर दिलं, बस. बाबा तिथल्या तिथे जमिनीवर बसले आणि ढसाढसा रडले, आणि रडतारडता म्हणाले, "थँक्यू, प्रभू." आई दारातून माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळपर्यंत ते वाक्य आळीभर झालं. दुसऱ्या दिवशी कबरीपाशी पाळकसाहेबांनी त्यावरच उपदेश केला. मी उभी होते. मला काही होत नव्हतं. मिठागरात जन्म गेलेल्या बायांच्या तळव्यांना पुढे काटा टोचला तरी कळत नाही म्हणतात, तसं माझं आतून झालं होतं. माती टाकली तेव्हा मी मोजत होते की बाबांच्या कोटाला चारांपैकी तीनच गुंड्या आहेत. घरी आल्यावर भूक लागली होती. जेवले. झोप लागली. झोपले. कुणी मिठी मारली की मी त्यांच्या खांद्यावरून पलीकडचं बघत राहायची.

मंडळीतल्या रत्नामावशी ह्या रडण्यातल्या जाणकार. कोण किती रडलं याची त्यांना नोंद असे. त्या माझी हनुवटी धरून सगळ्यांना म्हणाल्या, "बघा, बघा पोरीकडे. एक थेंब नाही! सख्खा भाऊ गेला, पण एक थेंब नाही. ह्याला म्हणतात विश्वास." मग त्या आईकडे वळल्या. "देवाची इच्छा, बाई. आपण मान तुकवायची."

आई म्हणाली, "मला नाही वाटत तसं."

एवढंच. पण हे वाक्यही संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. आई रडत नव्हती, गात नव्हती, प्रार्थनेला मान खाली घालत होती पण ओठ हलवत नव्हती. स्वयंपाक करायची, भांडी घासायची, रविवारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहायची. डोळे दोघींचेही कोरडे. माझं कोरडेपण म्हणजे विश्वास आणि तिचं कोरडेपण म्हणजे मनाचा कठीणपणा, असं मंडळीने ठरवलं. चौदा वर्षांच्या त्या महामायेने हे ऐकलं आणि तिला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

आमच्याकडे साक्ष देण्याची पद्धत होती. उपासनेत उभं राहायचं आणि देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. एरवी कुणाची हरवलेली शेळी सापडलेली असे, कुणाच्या जावयाची दारू सुटलेली असे. दादा गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "सुवार्ता, बाळ, तू सांग." मी उभी राहिले आणि सांगितलं. दुसऱ्या रविवारी रोह्याहून दोन माणसं मुद्दाम आली होती, म्हणून पुन्हा सांगितलं, आणि दादाने हात वर केला होता हे मला आठवलं. तिसऱ्या रविवारी तो हसला होता. चौथ्या रविवारी खिडकीतून प्रकाश आला, आणि प्रकाशाबरोबर मी एक पांढरं कबूतर आणून खिडकीत बसवलं. आमच्या त्या खिडकीत जन्मात कधी कावळा आणि शेजारची कोंबडी यांखेरीज कुणी आलं नव्हतं. पण कुणी हटकलं नाही. रत्नामावशींनी डोळे पुसले. माझा आवाज बरोबर जागी कापायचा. कुठे थांबायचं, कुठे वर बघायचं, हे मला कळू लागलं होतं. आणि बोलताना, तेवढ्या दोनतीन मिनिटांत, मला काहीतरी होत असे. खाली बसले की पुन्हा काही नाही. म्हणून मी रविवारची वाट बघायची.

(आमच्या मंडळीचा हल्ली मोबाइलवर ग्रुप आहे. परवा नात म्हणाली, "आजी, तुझी साक्ष रेकॉर्ड करून टाकू? सगळे टाकतायत." मी म्हटलं, मला झोप आली आहे. तिला वाटलं, आजीचं आपलं नेहमीचं.)

संध्याकाळचे शास्त्रपाठ चालूच होते. मी वाचायची. एका संध्याकाळी बागेतली ती रात्र आली, जिथे प्रभू आपल्या शिष्यांना जागं राहायला सांगून जरा पलीकडे जातो आणि परत येऊन बघतो तर ते झोपलेले. मला पुढे काय आहे ते पाठ होतं. मी दोन पानं एकदम उलटली आणि अटकेपासून वाचायला लागले. बाबांच्या लक्षात आलं नाही. ते त्या दिवसांत ऐकत नसत, नुसते बसत. आईने चुलीपाशी मान वर केली. मी वाचत राहिले.

पाचव्या रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेब बाबांना बाजूला घेऊन बोलले. बाजूला म्हणजे ओटीच्या टोकाला. सगळ्यांना ऐकू येत होतं. "मास्तर, दुखवट्यामुळे मागचं प्रभुभोजन राहिलं, आता पुढच्या रविवारी आहे. बाईंच्या मनात अजून तक्रार आहे. तक्रार घेऊन मळलेली भाकर मेजावर ठेवावी असं मला वाटत नाही. त्यांचं मन शांत होईपर्यंत सुवार्ता करील. बाईंसाठी आपण प्रार्थना करत राहू." बाबांनी मान हलवली. आई उंबऱ्यावर होती. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. रत्नामावशी माझ्या कानात म्हणाल्या, "केवढा मान मिळाला गो तुला!"

त्याच दुपारी पाळकसाहेबांबरोबर बाबा आणि मी रोह्याला गेलो. तिथल्या मंडळीलाही माझी साक्ष ऐकायची होती आणि दादाची ट्रंक आणायची होती. आई आली नाही. तिला कुणी चल म्हटलंही नाही. एसटीत मी मनातल्या मनात प्रकाशाची जागा बदलत होते, खिडकीऐवजी कौलांतून यावा का, असा विचार. निडी गाव मागे पडल्यावर कौलांचं पक्कं झालं.

सभा एका घराच्या पडवीत होती. जनाकाकी मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, हाताला पीठ, स्वयंपाक टाकून आलेल्या. मी साक्ष दिली. चांगली झाली. दोघी बायका रडल्या. मग ट्रंक घ्यायला आम्ही जनाकाकींच्या घरी गेलो, पोह्यांच्या गिरणीच्या मागे, जिथे हवेलाच भाजलेल्या भाताचा वास होता. त्यांनी मला जवळ बसवलं आणि माझं तोंड दोन्ही हातांनी फिरवून बघितलं.

"नाक शमूचंच हाय," त्या म्हणाल्या. "पन गो पोरी, मगाशी तू बोललीस ते कुणाचं?"

"दादाचं."

"आमच्या शमूचं? नाय गो. तो पोर असा नव्हता बोलनारा. ताप भरला तवा मी म्हनलं, आईला कळवते. तर म्हनतो, नको काकी, ती गाडीला थांबायची नाय, चालत येल रोह्याला. असा बोलायचा तो. परकाश बिरकाश त्याच्या तोंडात कवा आला?"

पाळकसाहेब घसा खाकरून म्हणाले, "अंतसमयी माणूस बदलतो, बाई."

"बदलत आसंल," जनाकाकी म्हणाल्या. "मला काय ठावं. मी नव्हती तिथं. ही होती." आणि मग बाबांना, "मास्तर, आईला का नाय आनली? मी वाट बगत व्हती."

बाबा म्हणाले, "तिचा विश्वास जरा डळमळलाय. प्रार्थना चालू आहे."

जनाकाकी बाबांकडे बघत राहिल्या, जसं एखाद्याने परक्या मुलखातली भाषा बोलावी तसं. "इस्वास डळमळलाय? मास्तर, पोर गेलाय तिचा."

त्यांनी ट्रंक बाहेर काढली. ट्रंकेवर दादाचा घडी केलेला टॉवेल ठेवला आणि वर एक पुडकं, पोह्यांचं. "आईला दे," म्हणाल्या. परतीच्या गाडीत बाबा म्हणाले, "साधी माणसं आहेत. आध्यात्मिक गोष्टी कळायला वेळ लागतो." मी म्हटलं, "हो." दादाचा टॉवेल माझ्या मांडीवर होता. त्याला त्याचा वास येत होता, साबणाचा आणि कंपनीतल्या कसल्यातरी तेलाचा, आणि मला एवढंच कळत होतं की मी सांगत होते त्या मुलाला हा वास नव्हता.

शनिवारी मी भाकर करायला बसले. तवा घासला, पीठ वेगळं काढलं. आई पाठ करून तांदूळ निवडत होती. मी तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, पण मी विचारलं नाही. देवाने निवडलेली मुलगी होते ना. पीठ सैल झालं, मग घट्ट झालं. पहिली भाकर कडेला करपली आणि मधे कच्ची राहिली. दुसरीही तशीच. तिसरीला मी आच वाढवली आणि ती काळीच झाली. त्यातल्या त्यात बरी होती ती ताटात ठेवून वर फडकं टाकलं. आईने तांदूळ पाखडले, उठली आणि परसात गेली.

रविवारी ओटी भरली होती. रोह्याची चार माणसंही आली होती. दोन गाणी झाली, पलीकडची चाळणी थांबलेली होती. पाळकसाहेब म्हणाले, "भोजनाआधी आपली मुलगी पुन्हा एकदा साक्ष देईल. ऐकून आपला विश्वास स्थिर होवो." मी उभी राहिले. सुरुवातीचं वाक्य जिभेवर तयार होतं. समोर बाबा, पेटीच्या भात्यावर हात. त्यांच्या पलीकडे उंबऱ्यावर आई. सहा आठवडे तिच्याकडे बघायचं मी टाळलं होतं, तेव्हा बघितलं. ती भांड्यांच्या पसाऱ्यात बसावं तशी अंग चोरून बसली होती, जागा अडू नये म्हणून.

मी म्हटलं, "मी झोपले होते."

पाळकसाहेब म्हणाले, "काय, बाळ?"

"दादा गेला तेव्हा मी झोपले होते. तीन भाकऱ्या खाल्ल्या होत्या. तो काय बोलला, बोलला का नाही, मला माहीत नाही. प्रकाश नव्हता. कबूतर पण नव्हतं. आईचं काही चुकलेलं नाही."

मला वाटलं होतं, हे म्हटल्यावर काहीतरी होईल. निदान रडू येईल. काही आलं नाही. बाबांचा हात भात्यावरून सुटला आणि पेटीने एक लांब, वेडावाकडा सूर काढला. रत्नामावशी म्हणाल्या, "अगो बाई!" पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मुळात ते वाईट गृहस्थ नव्हते. शेवटी म्हणाले, "बस खाली." मी बसले.

तेव्हा आई उठली. आत गेली. फडताळाचं दार वाजलं. ती दोन्ही हातांत ताट घेऊन आली, ओटीवरच्या माणसांमधून वाट काढत, आणि माझं ताट उचलून तिथे तिचं ठेवलं. "साहेब," ती म्हणाली, "पोरीची करपलीय. ही घ्या."

ती कधी केली होती कोण जाणे. पहाटे, मी झोपले असताना, दुसरं काय. पाळकसाहेब ताटाकडे बघत राहिले. पलीकडे कारखान्यात कुणीतरी खोकलं. मग त्यांनी फडकं बाजूला केलं, भाकर उचलली, धन्यवाद दिले आणि मोडली. मधोमध तुटली.

दुपारी बाबा ओटीवर भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांच्याकडे दादाचं एक वाक्य होतं, ते मी काढून घेतलं होतं, आणि बदल्यात द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी शास्त्रपाठाला त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि मी उलटून टाकलेली ती दोन पानं स्वतः वाचली. समजावलं मात्र नाही. पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "जेवायला वाढ."

पण त्या दुपारचं सांगत होते. आई स्वयंपाकघरात मोड आलेले वाल सोलत बसली होती. मी समोर जाऊन बसले. ती बोटाने एकेक वाल दाबायची, साल एकीकडे, बिरडं एकीकडे.

"तू झोपली होतीस ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी आले होते परत."

"कधी?"

"तो होता तेव्हाच. रस घेऊन आले तर तू खाटेच्या कडेला डोकं टाकून घोरत होतीस."

"घोरत?"

"तोंड उघडं टाकून."

मी म्हटलं, "मग उठवलं का नाहीस मला?"

तिने दोन वाल सोलले. "उठवू नको म्हणाला."

"कोण?"

"कोण म्हणजे? शमू. म्हणाला, उठवू नको तिला. मग पाणी मागितलं. दोन चमचे गेले, तिसरा नाही गेला. मग मी तुझ्या बाबांना आणायला गेले."

"तू सांगितलं का नाहीस? एवढे रविवार मी काय काय बोलत होते, लोक तुला वाटेल ते म्हणत होते..."

"तुझ्याजवळ काही नव्हतं, म्हणून तू बनवलंस," आई म्हणाली. "माझ्याजवळ होतं. मला कशाला सांगायला हवं होतं?" आणि टोपलं माझ्याकडे सरकवून, "नुसती बसू नको. सोल."

मी सोलायला लागले. रडू तेव्हाही आलं नाही. ते पुढे कितीतरी महिन्यांनी, एका लग्नात, पंगतीत वाढत असताना आलं, आणि लोकांना वाटलं मला नवरीकडचं कुणी काही बोललं.

आता खरी गोष्ट. माझी आई खोटं बोलत नसे. ज्या बाईने भरल्या घरात रत्नामावशींना "मला नाही वाटत तसं" म्हटलं, ती काय खोटं बोलणार? पण ते वाक्य सांगताना तिने मान वर केली नव्हती, आणि मी सहा रविवार साक्ष दिलेली बाई आहे. बनवलेलं वाक्य कसं असतं ते मला कळतं. ऐकणाऱ्याला नेमकं हवं तेच त्यात असतं. दादा शेवटच्या घटकेला माझ्या झोपेची काळजी करील? करीलही. तसा होता तो. जनाकाकी म्हणाल्या असत्या, व्हय, हे शमूचं. पण तो तसा होता हे आईपेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं? मी तिला कधी विचारलं नाही. ती तीस वर्षं त्यानंतर जगली, कितीतरी दुपारी आम्ही दोघीच असायचो, पण नाही विचारलं. ते वाक्य मी घेतलं आणि ठेवून दिलं. त्यावरच आजवर निभावलं आहे. बाबांनी मोहरीचा दाणा बोटावर घेऊन जे काही शिकवलं, त्यातलं माझ्याकडे उरलेलं एवढंच आहे, आणि ते खरं की केलेलं, मला माहीत नाही.

आई गेली ती रामवाडीच्या या घरात, जिथे मी आता राहते, सकाळी, मी शेजारी बसले असताना. मी जागी होते. ती काही बोलली नाही. श्वास लांबला, मग आला नाही. मंडळी जमली, आणि रत्नामावशींच्या सुनेने माझा हात हातात घेऊन विचारलं, "काय म्हणाल्या हो शेवटी?"

मी म्हटलं, "काही नाही."

तिला ते पुरेसं वाटलं नाही. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.